एकच पाणी, चार वाचक

‘उजनीतून भीमा नदीत पाणी सोडलं.’ एवढी एक ओळ मोबाइलवर आली की सोलापूर शहरातला माणूस विचार करतो: औज बंधारा भरेल का, टाकळीच्या उपशाला पाणी पुरेल का आणि आपल्या गल्लीत नळ कधी येईल? मोहोळकडचा बागायतदार म्हणतो, नदीत सोडलं ते ठीक, पण डाव्या कालव्याचं काय? काठावरच्या शेतकऱ्याला मोटार वर ओढून घ्यायची की नाही, हे आज संध्याकाळच्या आत ठरवायचं असतं. पंढरपूरच्या घाटावर दुकान मांडणाऱ्याला तर ही बातमी अर्धीच वाटते. वीर धरणातून नीरेत किती विसर्ग सुरू आहे, हेही त्याला हवं असतं, कारण ती नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि मग दोन्हींचं पाणी त्याच्या दारात येतं.

आपण मात्र चौघांनाही तीच ओळ पाठवतो. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात आणि तेवढ्यांना ती एकदम जाते. त्यातल्या बहुतेकांनी आपला ग्रुप कधीच म्यूट केलेला असतो. ज्यांच्याकडे लोकांना नियमित सांगण्यासारखं काही आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गावपातळीवर बातम्या देणारी छोटी संकेतस्थळं, डाळिंब सल्लागार, रोपवाटिका, वाचनालयं, टॉवेल-चादरीचे व्यापारी, स्पर्धा परीक्षांचे क्लास अशी ही मंडळी. फीड आणि ईमेल बातमीपत्र ही दोन जुनी, जवळपास फुकट साधनं नीट जोडली, तर ज्याला जे लागतं तेवढंच त्याला पाठवता येतं. त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही. लागतं ते आपल्या वाचकांची नीट ओळख असणं, आणि बरेच जण नेमकं तिथंच कमी पडतात.

तसं पाहिलं तर वाचक वाटून मजकूर देण्याची युक्ती सोलापूरला नवी नाही. शंभरहून अधिक वर्षं दाते पंचांग इथूनच निघतं आणि राशिभविष्य म्हणजे तरी काय? वाचकांचे बारा गट आणि प्रत्येकाला वेगळा परिच्छेद. भविष्यावर तुमचा विश्वास असो वा नसो, आपली रास सोडून बाकीची अकरा कुणी मन लावून वाचत नाही, एवढं खरं.

महाराष्ट्रात याचा मोठा आधुनिक प्रयोग २००७ साली झाला. रॉयटर्सनं ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ नावाची एसएमएस सेवा इथंच सुरू केली. शेतकऱ्यानं पैसे भरायचे, आपलं पीक आणि बाजार सांगायचा, मग त्या पिकाचे भाव, हवामान आणि सल्ला मराठीतून फोनवर यायचा. पुढं २०१३ मध्ये केंद्र सरकारचं एमकिसान पोर्टल आलं, त्यातही पीक, ठिकाण आणि भाषा पाहून संदेश जातात. कल्पना चोख होती. पण मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन या अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत रॉयटर्सच्या सेवेची रीतसर चाचणी घेतली. २०१२ साली छापून आलेला त्यांचा निष्कर्ष असा की ही सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरी भाव काही म्हणण्यासारखा जास्त मिळाला नाही.

बातमीपत्र काढणाऱ्या प्रत्येकानं हा निष्कर्ष डोक्यात ठेवावा. संदेश ज्याचा त्याला बरोबर पोचला, म्हणून त्याचं काम होतंच असं नाही. कांद्याची गाडी भरून झाल्यावर दुसऱ्या बाजारचा भाव कळला, तर त्याचा उपयोग काय? ठरलेल्या अडत्याकडून आधीच उचल घेतलेली असेल, तर भाव कळूनही गाडी तिकडेच जाणार. म्हणून प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न विचारा: हे वाचून माझा वाचक उद्या सकाळी काय वेगळं करू शकेल? उत्तर सापडलं नाही, तर तो मजकूर त्या वाचकाला पाठवू नका.

आता फीडकडे वळू. फीड म्हणजे तुमच्या संकेतस्थळावर नवीन काय आलं, याची यंत्राला वाचता येईल अशी यादी. शीर्षक, दुवा, तारीख, सारांश आणि तो मजकूर कोणत्या वर्गातला, एवढंच तिच्यात असतं. नेटस्केप कंपनीनं १९९९ मध्ये आरएसएस नावानं ही पद्धत आणली. गुगलनं आपला फीड रीडर २०१३ मध्ये बंद केला, तेव्हा अनेकांनी आरएसएस संपलं असं लिहिलं. पण आजही पॉडकास्ट ऐकता तेव्हा नवा भाग फोनवर येतो तो बहुधा अशाच फीडमधून. तुमचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर फीड आधीपासूनच चालू आहे. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत ‘फीड’ लिहिलं की दिसतं.

ही युक्ती फक्त मुख्य पत्त्यापुरती नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक वर्गाला आणि प्रत्येक टॅगला स्वतःचं वेगळं फीड असतं. वर्गाच्या पानाचा पत्ता घ्या, त्याच्यापुढं तेच लिहा. ब्लॉगरवर लेबलनिहाय फीड मिळतं. म्हणजे ‘उजनी’, ‘कांदा बाजार’, ‘डाळिंब’, ‘महापालिका’ असे वर्ग नीट पाडलेत, तर चार वेगळी फीड आयती तयार असतात. सगळं काम वर्ग पाडण्यातच आहे.

आणि आपल्याकडं तिथंच गोंधळ असतो. एका छोट्या संकेतस्थळाची मागची बाजू पाहायला बसलो, तर ‘ताज्या बातम्या’ या वर्गात नव्वद टक्के मजकूर. त्याखाली ‘सोलापूर’, ‘सोलापुर’, ‘सोलापूर शहर’, ‘शहर सोलापूर’ असे चार वर्ग, ज्याला जो आठवला त्यानं तो बनवलेला. अशा फीडमधून कुणाला काय वेगळं काढून देणार? आधी एका कागदावर जास्तीत जास्त दहा वर्ग लिहा. ते विषयानुसार नकोत, वाचकाच्या गरजेनुसार हवेत. ‘शेती’ हा वर्ग निकामी आहे, कारण मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याचं आणि सांगोल्याच्या डाळिंबवाल्याचं त्यात काहीच समान नाही. ‘पाणी’ हा वर्गही फार मोठा. त्याचे ‘शहराचा पाणीपुरवठा’, ‘कालव्याचं आवर्तन’ आणि ‘नदीतला विसर्ग’ असे तीन करा. सुरुवातीची उजनीची बातमी मग आपोआप योग्य चौकटीत पडते. एखादी बातमी दोन्हीकडे लागू असेल तर दोन्ही वर्ग लावा, पण तिसरा लावायचा मोह टाळा.

दोन बारीक सूचना. वर्गाचं दिसणारं नाव मराठीत ठेवा, पण पत्त्यात येणारं नाव रोमन अक्षरांत लिहा. देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि काही सेवांना ती पचत नाही. दुसरं म्हणजे, वर्डप्रेसच्या फीडमध्ये मुळात शेवटच्या दहा नोंदीच असतात. तुम्ही आठवड्याला तीस बातम्या टाकत असाल आणि बातमीपत्र रविवारी जात असेल, तर सोमवार-मंगळवारच्या बातम्या कधीच पोचणार नाहीत. वाचन सेटिंगमध्ये जाऊन हा आकडा वाढवा.

यानंतर वाचकाला विचारायचं. नोंदणीचा फॉर्म जितका लांब, तितके लोक अर्ध्यावर सोडून जातात. रेशन कार्डाचा अर्ज असल्यासारखे जन्मतारीख, शिक्षण, उत्पन्न विचारणारे फॉर्म मी पाहिले आहेत. ती माहिती पुढं कुणी कधी उघडूनही पाहत नाही. तीन प्रश्न पुरतात: तुम्ही कुठं राहता (तालुका, शहरात असाल तर भाग), खालीलपैकी काय हवंय (जास्तीत जास्त तीन खुणा करा), आणि रोज हवं की आठवड्याला. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर किंवा शहराच्या पूर्व भागातल्या वाचकांसाठी चौथा प्रश्न भाषेचा. इथं घरात कानडी किंवा तेलुगू बोलणारी माणसं खूप आहेत, बाजारात ती मराठी सहज बोलतात, पण औषधाच्या किंवा कर्जाच्या बाबतीत घरच्या भाषेत वाचलेलं त्यांना जास्त पटतं. मात्र यंत्रानं केलेलं भाषांतर तसंच पाठवू नका. ती भाषा जाणणाऱ्या माणसानं वाचून दिल्याशिवाय चौथा प्रश्न विचारूच नका.

नावाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण वैयक्तिक म्हटलं की सगळ्यांना आधी नावच सुचतं. ईमेल सेवांमध्ये ‘नमस्कार’च्या पुढं वाचकाचं पहिलं नाव आपोआप घालायची सोय असते. आपले लोक मात्र फॉर्ममध्ये आडनाव आधी लिहितात, शाळेपासूनची सवय आहे ती. मग यंत्र साठीच्या गृहस्थाला ‘नमस्कार पाटील’ म्हणून हाक मारतं. राव, साहेब, ताई, मॅडम यांतलं काय लावायचं हे यंत्राला कळत नाही आणि नुसतं पहिलं नाव घेऊन हाक मारलेली आपल्याकडं मोठ्यांना खपत नाही. नाव भरलंच नसेल तर ‘प्रिय’च्या पुढं स्वल्पविराम एकटा लोंबकळतो. नुसतं ‘नमस्कार’ लिहा. तुम्ही त्याला ओळखता हे त्याच्या तालुक्याच्या पाण्यावरून कळू द्या, नावावरून नको.

कायद्याचीही नोंद घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं संमती स्पष्ट आणि विशिष्ट कामापुरतीच असावी असं सांगितलं आहे, आणि दिलेली संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं हवं. लग्नाच्या आहेराची वही, शिबिराची हजेरी, कुणीतरी दिलेली एक्सेल यादी यांतले ईमेल उचलून बातमीपत्र सुरू करू नका. नोंदणीनंतर ‘हो, मला हवंय’ असं क्लिक करायला लावणारा एक पुष्टीचा ईमेल जाऊ द्या. यादी लहान होईल, पण उरतील ते खरे वाचक.

फीड आणि यादी एकत्र आणायचं काम ईमेल सेवा करते. मेलचिंपसारख्या सेवांमध्ये फीडचा पत्ता द्यायचा, कोणत्या गटाला पाठवायचं ते निवडायचं, वार आणि वेळ ठरवायची. त्या काळात फीडमध्ये नवीन काही आलं नसेल तर ईमेल जात नाही, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. काहीच सांगायचं नसताना रविवारी काहीतरी पाठवायलाच हवं, या हट्टापायी माणसं शुभेच्छांची पोस्टर पाठवत बसतात. शक्यतो एकच बातमीपत्र तयार करून त्यातले तुकडे अटीवर दाखवा: मोहोळ निवडलेल्याला कालव्याचा तुकडा दिसेल, शहर निवडलेल्याला नळाचा. दहा वेगळी बातमीपत्रं सांभाळणं दोन माणसांच्या कार्यालयाला झेपत नाही.

यादी कायम आपल्या हातात ठेवा. फीडबर्नर नावाची गुगलची सेवा वर्षानुवर्षं फीडमधून ईमेल पाठवायची. २०२१ मध्ये तिनं ईमेल पाठवणं बंद केलं, तेव्हा ज्यांनी यादी उतरवून घेतली होती ते दुसऱ्या सेवेवर गेले, बाकीच्यांची धावपळ झाली. महिन्यातून एकदा सगळी यादी, निवडींसकट, फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल कुणाच्या वैयक्तिक मोबाइलवर राहू देऊ नका.

काही गोष्टी ईमेलच्या नाहीतच. सोलापूरच्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव सकाळी होतो. त्याचा भाव दुसऱ्या दिवशी ईमेलनं पाठवून कुणाचं भलं होणार? तो त्याच दिवशी एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर जावा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो, त्यामुळं पीकनिहाय छोट्या लिस्ट बनवणं सोयीचं पडतं. चॅनेल मात्र सगळ्यांना सारखंच दाखवतं, तिथं वाटणी होत नाही. आणि भाव पाठवताना कमाल दर मथळ्यात घालू नका. एखाद्या निवडक ढिगाला मिळालेला तो दर वाचून शंभर जण गाड्या भरतात आणि बाजारात पोचल्यावर शिव्या तुम्हाला देतात. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, त्यातला सर्वसाधारण दर आणि आवक आधी द्या. ईमेलचं काम आठवड्याच्या शेवटी: आवक कशी वाढत गेली, निर्यातीचं धोरण बदललं का, साठवावा की विकावा.

डाळिंबात तर ईमेल खरं काम करतो. इथं वाचक तालुक्यानं वेगळे पडत नाहीत, बहारानं, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामानं, वेगळे पडतात. मृग, हस्त की आंबिया, हे एकदा कळलं की शेजारच्या दोन बागांना एकाच दिवशी अगदी वेगळा मजकूर लागतो हे लक्षात येतं. एकाची बाग ताणावर असते, दुसऱ्याची फळं सेटिंगला. त्याहून नेमकं हवं असेल तर नोंदणीच्या वेळी पानगळीची तारीख विचारा. डाळिंबवाले बागेचं वय त्यापासूनच्या दिवसांनी मोजतात, त्यामुळं ती तारीख त्यांना तोंडपाठ असते. मग मालिका लावायची: पानगळीनंतर इतक्या दिवसांनी पहिलं पाणी आणि खतांचा ईमेल, कळी दिसायच्या सुमाराला फूलगळीचा, दमट हवा असेल तर तेल्या रोगाचा, तोडणीआधी प्रतवारी आणि बाजाराचा. एकदा लिहिलेली ही मालिका प्रत्येक वाचकाला त्याच्या तारखेपासून सुरू होते. मजकूर मात्र मनानं लिहू नका. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथंच केगावला आहे, त्यांच्या प्रसिद्ध शिफारशींचा आधार घ्या आणि फवारणीच्या मात्रा कधी बदलल्या ते दर हंगामाला तपासा. जुनी मात्रा सांगणारा आपोआप जाणारा ईमेल बागेचं वाटोळं करू शकतो.

वाचक किती जुना आहे, यानुसारही मजकूर बदलावा. ‘उजनी वजा २० टक्के’ हे जुन्या वाचकाला लगेच कळतं. पुण्याहून बदली होऊन आलेल्या बँक अधिकाऱ्याला धरण वजा कसं होतं हे समजत नाही. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसीपैकी जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा आहे आणि टक्के मोजतात ते वरच्या ५३ टीएमसीवर, म्हणून पाणी त्या पातळीखाली गेलं की वजा. हा खुलासा नोंदणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच दाखवावा. पाच वर्षं वाचणाऱ्याला दर आठवड्याला तेच समजावलं तर तो कंटाळणारच.

टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांना दोनच गट पुरतात, घाऊक आणि घरगुती. घाऊक ग्राहकाला सुताचा भाव आणि माल कधी निघेल ते हवं असतं, घरगुती ग्राहकाला वर्षातून चारेक ईमेल बास. वाचनालयांनी आवडत्या लेखकापेक्षा प्रकारानुसार वाटणी करावी: चरित्र, कादंबरी, बालसाहित्य, स्पर्धा परीक्षा. वाचकानं काय नेलं याची नोंद असतेच, पण तिचा वापर जपून करा. ‘तुम्ही गेल्या महिन्यात मधुमेहावरची दोन पुस्तकं नेलीत’ असं लिहून आलं तर माणूस पुन्हा ते कपाट उघडणार नाही. जे वाचकानं स्वतः सांगितलं त्यावर मजकूर बेतावा. त्याच्या नकळत जे टिपलं, त्यावरून त्याला काही पाठवणं मला चोंबडेपणाच वाटतो.

आता ईमेल पोचण्याचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदींपैकी निदान एक तुमच्या डोमेनला लावलेली हवी. दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल जात असतील तर दोन्ही नोंदींसोबत डीमार्कही हवं आणि एका क्लिकवर नोंदणी रद्द करता आली पाहिजे. यादी लहान असली तरी हे सगळं करून ठेवा, डोमेन देणारा तासाभरात करून देतो. फुकटच्या जीमेल पत्त्यावरून शेकड्यांनी बातमीपत्रं पाठवू नका.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. जीमेल सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा ईमेल मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा देतं. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा तीन बाइट. म्हणजे आपला मजकूर कितीतरी लवकर कापला जातो, आणि तळाशी असलेला नोंदणी रद्द करायचा दुवा त्याच्यासकट गायब होतो. तो न सापडलेला वाचक ‘स्पॅम’ दाबून मोकळा होतो. म्हणून पूर्ण लेख ईमेलमध्ये ओतू नका. शीर्षक, दोन-तीन ओळी आणि दुवा द्या. दुसऱ्यांच्या फीडमधून मजकूर घेत असाल तर हीच मर्यादा नीतीच्या दृष्टीनंही पाळा. वर्तमानपत्राची बातमी जशीच्या तशी आपल्या बातमीपत्रात टाकणं ही चोरीच आहे.

किती जणांनी ईमेल उघडला, या आकड्यावर खूश होऊ नका. ॲपलनं २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपला असं संरक्षण दिलं की वाचकानं न उघडलेला ईमेलही उघडलेला दिसू शकतो. दुव्यावर किती जणांनी क्लिक केलं आणि किती जणांनी उत्तर लिहिलं, हे पाहा. उत्तर येईल असा पत्ता ठेवा. ‘आमच्याकडं अजून पाणी आलेलं नाही’ असं तीन गावांतून लिहून आलं, तर तुमची पुढची बातमी तिथं आहे.

सगळंच वाटून द्यायचं नसतं. पुराचा इशारा, रस्ता बंद, मोठा अपघात, परीक्षेच्या तारखेत बदल हे सर्वांना जावं, त्यांनी काहीही निवडलेलं असलं तरी. वरच्या बाजूला ‘सर्वांसाठी’ असा एक छोटा तुकडा कायम ठेवा. मंगळवेढ्याच्या वाचकाला शहरातल्या गड्ड्याच्या जत्रेची तारीख कळली तर त्याचं काही बिघडत नाही, त्याची पोरं मागं लागलेलीच असतात.

तळाशी नोंदणी रद्द करायच्या दुव्याच्या आधी आणखी एक दुवा ठेवा: ‘माझी निवड बदला’. यंदा हस्त धरलेला शेतकरी पुढच्या वर्षी आंबिया धरेल, बाग काढून ऊस लावेल, किंवा मुलाच्या शिक्षणासाठी शहरात राहायला येईल आणि त्याला कालव्याऐवजी नळाची वेळ हवी असेल. हंगाम बदलताना वर्षातून दोनदा सगळ्यांना विचारा: अजून हेच हवंय का? सहा महिने ज्यानं एकही दुवा उघडला नाही त्याला एक शेवटचं पत्र लिहा, आणि उत्तर आलं नाही तर त्याचं नाव काढून टाका.